जुन्या टॉर्चला लिथियम सेल बसवताना

टॉर्च दोन मोठ्या, म्हणजे डी साइझच्या सेलचा होता. पितळेची नळी, वर निकेलचा मुलामा, बाजूला पुढे-मागे सरकणारं बटण आणि काचेमागे चकचकीत रिफ्लेक्टर. सेल आत ठेवून विसरलेल्या टॉर्चचं जे होतं तेच याचंही झालं होतं. सेल वाहिले होते आणि मागच्या झाकणातली स्प्रिंग पांढऱ्या खपलीखाली गडप झाली होती. सेल अल्कलाइन असल्यामुळे बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं पोटॅशियम कार्बोनेट बनतं, तीच ही खपली. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती सोडवली. व्हिनेगर लागलं की फसफसतं, आणि फसफस थांबली की समजायचं, काम झालं. मग पाण्याने धुऊन खडखडीत वाळवला. नळी आतून शाबूत निघाली. टॉर्च टाकून देण्यासारखा नव्हता, पण त्यात पुन्हा तसलेच सेल घालायची इच्छा नव्हती.

रिचार्जेबलच करायचा तर सगळ्यात सरळ रस्ता निकेल-मेटल हायड्राइड सेलचा. १.२ व्होल्टचे सेल घालायचे, बाकी काही बदलायचं नाही. ज्याला सोल्डरिंगची हौस नाही त्याने डोळे झाकून तोच धरावा. १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यांच्या पोटात साधा लिथियम सेल आणि त्याचं व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट असतं. ते मी बाद केले, कारण बरेचसे असे सेल शेवटपर्यंत ठाम १.५ व्होल्ट देतात आणि मग एका क्षणात बंद पडतात. टॉर्च मंद होत जातो तेव्हा तो आपल्याला काहीतरी सांगत असतो, आणि ती सूचना मला हवी होती. म्हणून नेहमीचा ३.६ व्होल्टचा लिथियम-आयन सेल घ्यायचा आणि टॉर्च आतून त्याच्या मापाने बांधायचा, असं ठरवलं.

आधी बल्ब काढून पाहिला. कॉलरवर पीआर२ कोरलेलं होतं. दोन सेलच्या टॉर्चचा हा ठरलेला बल्ब, २.३८ व्होल्ट आणि अर्धा अँपिअरचा. दोन सेलचे होतात तीन व्होल्ट, मग बल्ब २.३८चा का? कारण टॉर्च लावला की सेल दबतात. त्यांचा अंतर्गत रोधच एवढा असतो की अर्धा अँपिअर ओढला तरी टोकांवरचं व्होल्टेज खाली येतं, आणि बल्ब बनवणाऱ्याने ते हिशोबात धरलेलं आहे. पुढचं सगळं काम मी या एका आकड्याच्या आधाराने केलं. हा टॉर्च सेलच्या अशक्तपणावर विसंबून बांधलेला आहे. त्यात फ्यूज नाही, करंट आवरणारं काही नाही, नळी हीच ऋण बाजूची तार, आणि बटण म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या दोन पत्र्याच्या पट्ट्या. आत कुठे शॉर्ट झालंच तर साधा सेल गरम होऊन दमणार. लिथियम सेल दमत नाही. १८६५० या ठरलेल्या मापाच्या चांगल्या लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध एका ओहमच्या शंभराव्या भागांत मोजायचा, त्यामुळे शॉर्ट झाला तर तो क्षणात पन्नासेक अँपिअर सहज सोडतो. अंगात बळ आहे, वेसण आपणच घालायची.

मूळ बल्ब ठेवून नुसता सेल बदलण्याचा विचार तर इथेच संपतो, बल्बच्या जागी एलईडी हवा. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटतं, म्हणजे २.३८ व्होल्टच्या बल्बला ४.२ दिले तर हजारपटीच्या आसपास. प्रत्यक्षात तार एकदा लख्ख चमकते आणि जाते. यापेक्षा वाईट प्रकार लहान टॉर्चच्या बाबतीत होतो. १४५०० नावाचा लिथियम सेल हुबेहूब पेन्सिल सेलच्या आकाराचा असतो. दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये दोन १४५०० बसतात, झाकणही लागतं आणि सर्किटला तीन व्होल्टऐवजी ८.४ व्होल्ट मिळतात. सेल बसला म्हणजे जमलं, असं समजू नये.

सेल निवडताना मी मापं मांडून बसलो. नावातच मापं असतात, १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. डी सेल ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटरच्या वर लांब, म्हणजे नळीत सव्वाशे मिलिमीटरच्या आतबाहेर जागा. दोन १८६५० शेजारी-शेजारी मावत नाहीत, ३६ मिलिमीटर होतात. एकापुढे एक ठेवले तर १३० होतात, तेही नाही. २६६५० जाडजूड आणि दमदार, पण चांगल्या दर्जाचा मिळेलच याची खात्री नाही. ३२७०० हा लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल नळीत नेमका बसतो आणि स्वभावाने लिथियम-आयनपेक्षा शांतही असतो. पण तो ३.२ व्होल्टचा, आणि पांढऱ्या एलईडीलाच तीनेक व्होल्ट लागतात. मधल्या नियंत्रकासाठी व्होल्टेज जेमतेम उरतं. शेवटी एकच नवा १८६५० घेतला, ३००० मिलिअँपिअर-तासांचा. एकच सेल असला की सिरीजमधला अशक्त सेल आधी रिकामा होऊन उलटा चार्ज होण्याची भानगड राहत नाही.

नवा घेताना आकड्यांना भुलू नये. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले १८६५० सर्रास दिसतात, पण या आकाराच्या सेलमध्ये फार तर ४०००च्या आसपास मजल संपते. घरी तपासायची सोपी कसोटी म्हणजे वजन. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हातात घेतल्यावर पोकळ वाटला तर लेबलकडे पाहायचीही गरज नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल माझ्याकडे होते, पण काहींचं व्होल्टेज दोनच्याही खाली गेलेलं होतं. तेवढं उतरलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि नंतर चार्ज करताना तेच आत शॉर्ट घडवू शकतं. तसले सेल जिवंत करायच्या नादी लागू नये. ते ई-कचऱ्यात दिले.

एक हिशोब इथे मोकळेपणाने सांगायला हवा. साठलेल्या ऊर्जेत लिथियम जिंकत नाही. ३००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे ११ वॉट-तासांच्या आतच. दोन ताज्या अल्कलाइन डी सेलमध्ये, हळूहळू वापरले तर, त्याच्या दुपटीहून जास्त असते. खरा फायदा एलईडीचा आहे. पीआर२ बल्ब सव्वा वॉट खाऊन दहाएक ल्युमेन उजेड देतो. चांगला एलईडी दोन वॉटमध्ये दोनशेच्या वर जातो. लिथियमने फक्त पुन्हा पुन्हा भरायची सोय केली, आणि झाकणातली स्प्रिंग खाणं थांबवलं.

करंटला वेसण घालायला एएमसी७१३५ ही चिप वापरली. एक चिप ३५० मिलिअँपिअरच्या पुढे करंट जाऊ देत नाही, दोन शेजारी लावल्या की ७००. जास्तीचं व्होल्टेज ती उष्णतेच्या रूपात घालवते. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण एका सेलवर ती फारशी नसते. सेल ३.७ आणि एलईडी तीन व्होल्टवर असताना ऐंशी टक्क्यांच्या वर ऊर्जा एलईडीपर्यंत पोचते. वर सेल उतरत आला की चिपचं काही चालत नाही आणि उजेड आपोआप मंदावतो. म्हणजे मला हवी असलेली सूचना फुकटात मिळाली. चार चिपा लावून १.४ अँपिअर द्यायचा मोह होतोच. या टॉर्चमध्ये मी तो आवरला आणि दोनवर थांबलो, कारण उष्णता बाहेर न्यायचा रस्ता मला स्वतःलाच बांधायचा होता.

सेलला नळीत बसवणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण, आणि नेमकं तेच लोक घाईत उरकतात. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चिपचा छोटा बोर्ड घेतला, त्याच्यावर संरक्षणाचं सर्किटही असलेला. डीडब्ल्यू०१ नावाची चिप सेलवर लक्ष ठेवते आणि गरज पडली की ८२०५ हे मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडून सेल तोडते. व्होल्टेज ४.३च्या आसपास चढलं, २.४ पर्यंत उतरलं किंवा करंट साधारण तीन अँपिअरच्या वर गेला, तर तोडायचं. हे तोडणं होतं ऋण बाजूला. बोर्डवर बी- (सेलचं ऋण टोक) आणि आउट- (टॉर्चकडे जाणारी ऋण बाजू) असे दोन वेगळे बिंदू असतात, आणि मॉसफेट त्या दोघांच्या मधे बसलेले असतात.

आता सेलकडे पाहा. १८६५०चं सगळं धातूचं कवच म्हणजे ऋण टोक, अगदी वरच्या खांद्यापर्यंत. धन टोक म्हणजे तेवढं मधलं बटण. दोघांच्या मधे पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन आणि एक चकती, बस. आणि टॉर्चची पितळी नळीही ऋण. वेष्टन कुठे खरवडलं जाऊन कवच नळीला टेकलं तर टॉर्च मजेत चालू राहतो. काही बिघडल्यासारखं वाटतच नाही. पण करंट बोर्डला वळसा घालून नळीतून जायला लागतो आणि संरक्षण नुसतं नावाला उरतं. म्हणून सेल नळीपासून पूर्ण वेगळा ठेवणं हेच खरं काम. प्लॅस्टिक पाइपचा तुकडा कापून सेल त्यात सरकवला, बाहेरून नळीच्या मापाची गुंडाळी केली आणि धन टोकाच्या खांद्यावर फिशपेपरची, म्हणजे वीज न वाहणाऱ्या चिवट कागदाची, आणखी एक चकती चिकटवली. बोर्ड जोडायच्या आधी सेल नळीत घालून मल्टिमीटरची एक सळई सेलच्या बुडाला आणि दुसरी नळीला लावून पाहिली. नळी हलवली, आपटली, उलटी धरली. मीटरने कुठेही जोड दाखवला नाही, तेव्हा पुढे गेलो.

सेलवर थेट सोल्डर करायचं नाही. तापलेल्या टोकाने आतलं सील आणि पडदे खराब होतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावलेलाच सेल घेतला होता, तारा त्या पट्ट्यांना जोडल्या. धन पट्टीनंतर, पुढच्या पितळी चकतीच्या आधी, दोन अँपिअरचा पुन्हा जुळणारा फ्यूज टाकला. बोर्डचं संरक्षण असताना फ्यूज कशाला, असं कोणी म्हणेल. बोर्ड ऋण बाजू बघतो, म्हणून धन बाजूला काहीतरी असावं एवढंच माझं म्हणणं.

बोर्ड मागच्या बाजूला, झाकणाजवळ ठेवला. तांब्याचा थर असलेली एक गोल चकती कापली, तिला आउट- जोडला आणि झाकणाची स्प्रिंग तिच्या मध्यावर टेकेल असं पाहिलं. चकतीच्या कडेला कानशीने खाच करून यूएसबीचं तोंड तिथे आणलं. झाकण फिरवून काढलं की केबल लावता येते, नळीला भोक पाडावं लागत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. झाकण काढलं की परिपथ तुटतो, म्हणजे चार्जिंग चालू असताना टॉर्च लागूच शकत नाही. टीपी४०५६ चार्जिंग कधी थांबवायचं हे करंट किती उतरला त्यावरून ठरवते. ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शावर तो आला की ती बंद होते. मधे एलईडी करंट ओढत राहिला तर तिचा अंदाज चुकतो.

हा बोर्ड एक अँपिअरने चार्ज करतो. मोकळ्या हवेत चालतं, पण बंद नळीत चिप चटका बसण्याइतकी तापते. करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला, करंट ५८० मिलिअँपिअरवर आला. चार्जिंगला सहाएक तास लागतात, लागू देत. यूएसबी-सीच्या स्वस्त बोर्डांवर कधीकधी ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसतात. मग दोन्हीकडे सी टोक असलेल्या केबलने चार्जिंग सुरूच होत नाही. जुन्या, एका बाजूला चपटं टोक असलेल्या केबलने होतं. बोर्डला नावं ठेवायच्या आधी केबल बदलून पाहावी.

पुढच्या बाजूला वेळ गेला तो फोकसमध्ये. फिलामेंट सगळीकडे उजेड फेकतं, त्यामुळे खोल रिफ्लेक्टरला भरपूर काम मिळतं. एलईडी फक्त पुढच्या अर्ध्या गोलात फेकतो. रिफ्लेक्टरला मिळतो तो कडेचा उजेड, मधला तसाच समोर पसरतो. एलईडीची पिवळी टिकली, म्हणजे निळ्या एलईडीवरचा फॉस्फरचा थर, जिथे फिलामेंट होतं तिथेच यायला हवी. दहा मिलिमीटरच्या धातूच्या चकतीवर बसवलेला एलईडी तांब्याच्या बुटक्या कांडीवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवला. कांडी तांब्याच्या जाड चकतीतून आरपार सरकेल अशी ठेवली, आणि चकतीची कड नळीच्या तोंडाशी सगळीकडून टेकवली. एलईडीला मिळणाऱ्या दोन वॉटपैकी निम्म्याहून जास्त ऊर्जेची उष्णता होते. ती कांडीतून चकतीत, चकतीतून पितळी नळीत आणि नळीतून हातात जाते. वापरताना टॉर्चचं डोकं कोमट लागलं तर आनंद मानावा. डोकं गार आणि उजेड मंदावत चाललेला, याचा अर्थ उष्णता आत अडकली आहे.

रिफ्लेक्टरचं भोक थोडं वाढवावं लागलं. प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. बोट लागलं की ठसा राहतो, आणि मऊ कापडाने पुसलं तरी बारीक ओरखडे उठतात. कानस चालवताना त्याची आतली बाजू खाली धरली, म्हणजे भुसा आपोआप बाहेर पडतो. उरलेला हवेच्या फुग्याने उडवला. पुसला मात्र नाही.

मग अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून पाचेक पावलांवर उभं राहून कांडी पुढे-मागे करत बसलो. एलईडी फार पुढे आला की मधे काळा डाग आणि भोवती उजेडाचं कडं दिसतं. मागे घेत गेलं की कडं आवळत जातं, डाग भरतो आणि एका जागी मधला ठिपका सगळ्यात तेजस्वी होतो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने तो बिघडतो. मी त्या जागेपासून केसभर मागे थांबलो. ठिपका थोडा कमी धारदार झाला, पण पायाखालची वाट पाहायला पसरट उजेड बरा. तिथे कांडी चकतीला सोल्डर करून पक्की केली.

बटण उरलं होतं. टॉर्च लावून बटणाच्या दोन पट्ट्यांमध्ये मीटर धरला, तर दोनशेच्या वर मिलिव्होल्ट तिथेच जिरत होते. साध्या बल्बच्या काळात याची कोणी फिकीर केली नसती. बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या, वाकवून दाब वाढवला. झाकणाच्या पोलादी स्प्रिंगच्या आतून लवचीक तांब्याची तार दोन्ही टोकांना जोडली, म्हणजे करंट स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून फिरत बसणार नाही. दोन्ही मिळून घट शंभर मिलिव्होल्टच्या बरीच खाली आली.

सगळं जोडून बटण सरकवलं, आणि टॉर्च लागला नाही. हे मला माहीत होतं, म्हणून घाबरलो नाही. सेल नव्याने जोडला की डीडब्ल्यू०१ बरेचदा कुलूप लावून बसते आणि एकदा चार्जर लागेपर्यंत उघडत नाही. झाकण काढून केबल क्षणभर लावली, काढली, झाकण बसवलं. टॉर्च लागला. माहीत नसेल तर माणूस बसवलेलं सगळं पुन्हा उचकटतो.

पहिलं चार्जिंग फरशीवर, नजरेसमोर केलं. बोर्डवरचा चार्जिंगचा दिवा बदलल्यावर सेलवर ४.१९ व्होल्ट भरले. मग टॉर्च लावून ठेवला आणि अधूनमधून हात लावून पाहिला. चार तासांच्या आसपास उजेड उतरायला लागला, तो मग हळूहळू तांबूस न होता नुसता फिका होत गेला. मी २.४ व्होल्टला बोर्डने तोडण्याची वाट पाहत नाही. तो शेवटचा अडसर आहे, रोजच्या वापराचा नव्हे. फिका पडला की चार्ज करायचा. महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धवट भरलेला, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा, आणि शून्य अंशाच्या खाली गारठलेला असताना चार्जरला लावायचा नाही.

टॉर्च पाण्यापासून सुरक्षित करायला झाकणात रबरी रिंग का नाही घातली, असं मला विचारलं गेलं. मुद्दाम नाही घातली. सेल कधी बिघडून वायू सोडायला लागला तर त्याला बाहेर जायला फट हवी. हवाबंद धातूची नळी आणि आत फुगणारा सेल, ही जोडी हातात धरायची नाही. पावसात वापरायचा टॉर्च वेगळा ठेवावा.

झाकणाच्या आत एक कागदी पट्टी चिकटवली आहे: लिथियम, एकच सेल, ४.२ व्होल्ट, केबल इथे. उद्या दुसऱ्या कोणी उघडला तर साधे सेल कोंबायचा प्रयत्न होऊ नये.

हे पाहून धाकट्या भावाने त्याचा तीन सेलचा टॉर्च आणून दिला, असाच करून दे म्हणून. तो पूर्ण प्लॅस्टिकचा आहे. डोकं प्लॅस्टिकचं, नळी प्लॅस्टिकची, एलईडीची उष्णता न्यायला आत काहीच नाही. आतून धातूची नळी घालून हे करता येईल, पण मग टॉर्चमध्ये त्याचं असं फक्त बाहेरचं कवच उरेल. त्यात कमी वॉटचा, पीआर कॉलरचाच तयार एलईडी बल्ब बसवला, निकेल-मेटल हायड्राइडचे तीन सेल घातले आणि परत दिला.